जुन्या डिझेल गाडीचा टर्बो : दाब कमी पडला तर दोष कसा शोधावा

ले. ऊस विकास अधिकारी



आमचा विषय उसाचा. लागण, खोडवा, बेणे, पाणी यांवर आम्ही या पानावर लिहीत असतो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे, त्याला कारण आहे. गट ऑफिसला चार सभासद बसले की बोलणे उसाच्या बिलावरून सुरू होते आणि गाडीवर येऊन थांबते. आपल्या भागात दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या डिझेल गाड्या बऱ्याच घरी आहेत. कोणाची बोलेरो, कोणाची सुमो, कोणाची स्विफ्ट. त्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते : "साहेब, गाडी चालू होते, सपाटीला चालते, पण चढाला ओढतच नाही." गॅरेजला नेली की निदान बहुधा ठरलेले : "टर्बो गेला, बदलावा लागेल." पहिली उचल नुकतीच हातात आलेली असते. सभासद मान हलवतो, हजारो रुपये जातात, आणि पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांत तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

ऊस पिवळा पडला की युरियाचे पोते फोडायचे, त्यातलाच हा प्रकार. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा असतो, पाणी साचल्याचा असतो, हुमणीने मुळे खाल्ल्याचाही असतो. टर्बोचा दाब कमी पडणे हेदेखील नुसते लक्षण आहे. रोग दुसरीकडे असू शकतो आणि तो बहुतेक वेळा स्वस्तातला असतो. शेती खात्याच्या गाड्या सांभाळताना, वर्कशॉपमधल्या जाणत्या फिटरांबरोबर बसून आम्ही या दोषाचा जो अभ्यास केला, तो येथे पाठासारखा क्रमाने मांडत आहोत.

टर्बो करतो काय?

डिझेल जळायला हवा लागते, आणि ती थोडीथोडकी नाही. एक किलो डिझेल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर डिझेलला दहा हजार लिटरच्या आसपास हवा झाली. आता १.३ लिटरच्या, म्हणजे १२४८ सी.सी.च्या इंजिनाचा हिशेब करू. हे इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरताना स्वतःच्या ताकदीने फार तर १२५० लिटर हवा दर मिनिटाला ओढेल. ताकद वाढवायची तर डिझेल जास्त द्यावे लागेल, आणि डिझेल जास्त दिले तर हवाही जास्त लागेल. ती जादा हवा दाबून भरण्याचे काम टर्बो करतो.

त्याची रचना साधी आहे. एका दांड्यावर दोन चाके. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका चाकाला फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक फिल्टरमधून हवा ओढून इंजिनाकडे ढकलते. लहान गाड्यांच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो. इतक्या वेगात तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला की टर्बो संपलाच म्हणून समजा. स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. डिझेल मोटारीत ती प्रथम १९७८ साली मर्सिडीज ३०० एसडी या गाडीत बाजारात आली. आज आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडीत टर्बो आहे.

दाब किती असतो? गाडीप्रमाणे फरक पडतो, पण अशा गाड्यांत पुरत्या ओढीच्या वेळी तो बाहेरच्या हवेपेक्षा एक बारच्या आसपास, म्हणजे १४-१५ पौंड जास्त असतो. टायरमध्ये आपण ३० पौंड हवा भरतो, त्याच्या निम्मा धरा. आपल्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात असतो, तो आधी मिळवावा.

आपला टर्बो कोणत्या जातीचा?

बेण्याची जात माहीत नसताना सल्ला देता येत नाही, तसेच येथे आहे. जुन्या गाड्यांत मुख्यतः दोन जाती आढळतात.

पहिली जात झडपेची. दाब हवा तेवढा झाला की एक झडप उघडते आणि जादा धूर चाकाला न फिरवता बाजूने निघून जातो. या झडपेला वेस्टगेट म्हणतात.

दुसरी जात पाकळ्यांची. चाकाभोवती हलणाऱ्या पाकळ्या असतात. इंजिन हळू फिरत असताना त्या मिटतात, धूर अरुंद वाटेने जोरात येतो आणि दाब लवकर चढतो. वेग वाढला की पाकळ्या उघडतात.

एकाच इंजिनात दोन्ही जाती असू शकतात. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही तयार होत असे. मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये ते ७५ अश्वशक्तीचे, साध्या टर्बोचे होते, तर एर्टिगा-सियाझमध्ये ९० अश्वशक्तीचे, पाकळ्यांच्या टर्बोचे होते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे या गाड्या आता जुन्याच राहणार आणि दुरुस्तीचे ज्ञान आपल्यालाच ठेवावे लागणार.

येथे एक गैरसमज दूर करू. ७५ अश्वशक्तीची स्विफ्ट १८००-२००० फेऱ्यांच्या खाली सुस्तच असते. तो तिचा स्वभाव आहे. वरच्या गिअरला हळू चालवून चढावर "ओढत नाही" म्हणणे बरोबर नाही. आधी खालच्या गिअरला फेरे वाढवून पाहा. पूर्वी ओढत होती आणि आता तशाच गिअरला, तशाच चढाला ओढत नाही, तरच तो दोष समजावा.

उपशाच्या पंपाचा दाखला

आपल्या नदीवरच्या उपसा योजनेचा पंप आठवा. टोकाच्या वावराला पाणी पोहोचत नाही म्हणून कोणी लगेच पंप बदलत नाही. आधी फुटव्हॉल्वमध्ये शेवाळ अडकले का पाहतो. मग पाईपलाईनचा सांधा कुठे फुटला ते पाहतो. वाटेतला व्हॉल्व कोणी उघडा ठेवला का पाहतो. वीज पुरेशी आहे का पाहतो. हे सगळे झाले, तरच पंप खोलतो.

टर्बोतही हाच क्रम लावा. फुटव्हॉल्व म्हणजे एअर फिल्टर. पाईपलाईन म्हणजे टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंतचे रबरी होज. उघडा राहिलेला व्हॉल्व म्हणजे झडप किंवा पाकळ्या. वीज म्हणजे धुराचा जोर. आणि पंप, म्हणजे टर्बो, सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी : गाडीला प्रश्न विचारा

बॉनेट उघडण्याआधी वहीत या प्रश्नांची उत्तरे लिहा.

(१) दोष एकाएकी आला की हळूहळू? एकाएकी आला तर होज निसटला असेल, पाईप फाटला असेल. हळूहळू आला तर फिल्टर तुंबणे, काजळी बसणे, झीज होणे यांकडे लक्ष द्या.

(२) त्याआधी गाडीला काय केले होते? सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्याच दिवशी ओढ गेली, तर कोणता तरी पाईप बसवायचा राहिला असे समजून शोधा.

(३) धूर कोणता? ओढ नाही आणि काळा धूर आहे, तर डिझेल येते पण हवा पोहोचत नाही. ओढ नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच कमी येते. फिल्टर तुंबला असेल, किंवा गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच डिझेल तोडले असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे.

(४) आवाज कसला? अॅक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स असा आवाज आला तर हवा गळते. पूर्वी नसलेली कर्कश शिट्टी वाजत असेल तर गळती किंवा टर्बोची झीज.

(५) ब्रेक जड झाला आहे का? हा प्रश्न विसरू नका. डिझेल गाडीचा ब्रेक हलका करण्यासाठी व्हॅक्यूम पंप असतो, आणि पुष्कळ गाड्यांत टर्बोच्या पाकळ्याही त्याच पंपाच्या ओढीवर हलतात. ओढ गेली आणि ब्रेकही जड झाला, तर दोष व्हॅक्यूम पंपात किंवा त्याच्या मुख्य पाईपात असण्याचा संभव मोठा. अशी गाडी घाटात तर नाहीच, पण बाजारालाही नेऊ नये. आधी ब्रेक, मग टर्बो.

याच वेळी टर्बोशी संबंध नसलेली कारणे वगळून टाका. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. एखादे चाक हाताला चटका देण्याइतके तापते, तर ब्रेक धरून राहिला आहे. डिझेल फिल्टर कधी बदलला तेही पाहा.

दुसरी पायरी : फिल्टर

हंगामात आपल्या रस्त्यांवर पाचटाचा भुगा आणि धूळ किती उडते हे सांगायला नको. पुस्तकात लिहिलेली फिल्टरची मुदत डांबरी रस्त्याची असते. आपल्याकडे ती कमी धरावी. फिल्टरचा डबा उघडून आतून बाहेर अशी हलकी हवा मारा, कागद फाटला असेल तर फिल्टर बदला. डब्याचा तळही पाहा. वस्तीवर उभ्या असणाऱ्या गाडीत उंदीर चिंध्या आणि पाचट नेऊन घरटे करतो. फिल्टर ते टर्बो हा पाईप जुना होऊन मऊ पडला असेल, तर जोराच्या ओढीने आत चपटा होतो. गाडी उभी असताना तो अगदी धडधाकट दिसतो, म्हणून हाताने दाबून पाहावा.

फिल्टर काढून ठेवून गाडी चालवू नये. "फिल्टर काढला की पळते" असे काही जण सांगतात. धुळीचा एक बारीक खडा लाखभर फेऱ्यांच्या चाकावर आदळला तर पाते तुटते, आणि पुढचा खर्च मोठा होतो.

तिसरी पायरी : होज, क्लिप आणि इंटरकूलर

आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त दोष याच पायरीवर सापडतात. टर्बोनंतरच्या होजमध्ये दाबाची हवा असते आणि ती गरमही असते. वर्षानुवर्षांच्या तापाने रबर फुगते, क्लिप सैल होते, होजच्या खालच्या बाजूला चीर पडते. गंमत अशी की इंजिन नुसते चालू ठेवल्यावर ही चीर मिटलेली असते. भार आला की उघडते.

खूण अशी : हवेबरोबर तेलाचा थोडा अंश येतच असतो, त्यामुळे जेथे गळती तेथे तेलकट धुळीचा काळा डाग. होज कापडाने पुसून घ्या, दोन दिवस गाडी चालवा, डाग पुन्हा कुठे उमटतो ते पाहा. होजच्या आत हलका तेलकटपणा असतोच, त्याला घाबरू नये. आत तेल साचून वाहत असेल तर मात्र टर्बोचे सील किंवा इंजिनाचा श्वास तपासावा.

खात्रीची परीक्षा पंक्चरवाल्यासारखी आहे. इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोकडे जाणाऱ्या हवेच्या तोंडाला घट्ट बूच बसवायचे, बुचात टायरचा व्हॉल्व लावायचा आणि रेग्युलेटर लावून पाच ते सात पौंड हवा सोडायची, त्याहून अधिक नको. सांध्यांवर आणि इंटरकूलरवर साबणाचे पाणी मारायचे. जेथे बुडबुडे तेथे दोष. थोडी हवा इंजिनाच्या आतून जातेच, तो आवाज धरू नये. बुचासमोर कोणी उभे राहू नये, ते उडण्याचा संभव असतो.

एका सभासदांच्या गाडीला नवा टर्बो सांगितला होता. या परीक्षेत इंटरकूलरजवळच्या होजला क्लिपच्या खाली बोटाच्या पेराएवढी चीर मिळाली. होज बदलला, गाडी पूर्वीसारखी ओढू लागली.

चौथी पायरी : धुराची वाट

धुराचा जोर कमी असेल तर टर्बो फिरणार कशाने? इंजिन आणि टर्बो यांच्या मधल्या मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले तर धूर तेथूनच निसटतो. थंड इंजिनाला टिक-टिक असा आवाज आणि सांध्यावर काजळीचा पट्टा ही त्याची खूण.

उलट, टर्बोच्या पुढे सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला तर धूर कोंडतो. मग गाडी उभी असतानासुद्धा इंजिन फेरे जड घेते.

धुराचा काही भाग परत हवेत मिसळणारी एक झडप असते, तिला ईजीआर म्हणतात. तिच्यावर काजळी बसून ती उघडी अडकली, तर टर्बोला धूर कमी आणि इंजिनाला ताजी हवा कमी, असे दुहेरी नुकसान होते. काळा धूर येतो. ती काढून साफ करता येते.

पाचवी पायरी : झडप, पाकळ्या आणि व्हॅक्यूम

झडपेच्या टर्बोत थंड गाडीला झडपेचा दांडा हाताने हलवून पाहा. स्प्रिंगचा चांगला ताण लागला पाहिजे. दांडा ढिला लोंबत असेल किंवा झडप पूर्ण मिटत नसेल, तर धूर कायम बाजूने निसटतो आणि दाब चढत नाही. काही मिस्त्री या झडपेची बारीक नळी दोष म्हणून दाखवतात. लक्षात ठेवा, दाबावर चालणाऱ्या झडपेची ही नळी फुटली तर झडप उघडतच नाही आणि दाब उलट वाढतो. तेव्हा कमी दाबाचे कारण ती नळी नसते.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या पाकळ्यांच्या टर्बोत प्रकार उलटा. बहुतेक अशा गाड्यांत व्हॅक्यूम मिळाला की पाकळ्या मिटतात व दाब चढतो. बारीक रबरी नळी कडक होऊन तडकली की व्हॅक्यूम जातो आणि पाकळ्या उघड्याच राहतात. एकाने इंजिन चालू करावे व दुसऱ्याने दांड्याकडे बघावे. चालू करताच दांडा सरकन ओढला गेला पाहिजे, बंद केल्यावर परत आला पाहिजे. हालला नाही तर नळ्या तपासा, मग व्हॅक्यूम सोडणारा सोलेनॉइड तपासा. हातपंपाने व्हॅक्यूम देऊनही दांडा अडखळत असेल तर पाकळ्यांवर काजळी बसली आहे. सतत वस्ती ते गाव अशा लहान फेऱ्या मारणाऱ्या, कधीच जोरात न ओढलेल्या गाडीत हे फार होते. जाणता फिटर टर्बो खोलून पाकळ्या साफ करू शकतो.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या टर्बो गाड्यांत व ट्रॅक्टरांत आणखी एक जागा पाहावी. काहींच्या डिझेल पंपावर हवेच्या दाबाने हलणारा पडदा असतो. तो फाटला किंवा त्याची नळी निघाली तर टर्बोचा दाब ठीक असूनही पंप जादा डिझेल सोडत नाही.

सहावी पायरी : मोजमाप

माती न तपासता खत नको, तसे दाब न मोजता टर्बो नको. मोजताना तीन गोष्टी सांभाळा.

एक, उभ्या गाडीचा अॅक्सिलरेटर दाबून दाब पाहू नये. भार नसला की धूर कमी, धूर कमी की दाब कमी. चांगल्या टर्बोलाही तेथे थोडाच दाब येतो. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरला १५०० फेऱ्यांपासून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ३००० पर्यंत न्यावे. आकडा शेजारी बसलेल्याने वाचावा, चालवणाऱ्याने रस्ता पाहावा.

दोन, स्कॅनरवरचा आकडा बहुधा बाहेरच्या हवेसकट असतो. चावी चालू पण इंजिन बंद असताना आलेला आकडा आधी लिहा. समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कलच्या जवळ येतो. पाच-सहाशे मीटर उंचीच्या आपल्या बाजूला ९५ च्या आसपास येतो. चालत्या गाडीत १९० आला तर १९० वजा ९५, म्हणजे टर्बोचा दाब ९५ किलोपास्कल, जवळजवळ एक बार. इंजिन बंद असतानाच आकडा भलताच येत असेल, तर दाबाचा सेन्सर काजळीने भरला आहे किंवा बिघडला आहे.

तीन, स्कॅनरवर 'पी ०२९९' असा कोड आला की "बघा, टर्बो गेला" असे सांगतात. त्या कोडचा अर्थ एवढाच की दाब अपेक्षेपेक्षा कमी पडला. का पडला, हे कोड सांगत नाही.

मोजलेल्या दाबाचा अर्थ असा लावावा :

दाब चढतच नाही : मोठी गळती, उघडी राहिलेली झडप वा पाकळ्या, व्हॅक्यूम नाही, किंवा टर्बो जाम.

दाब उशिरा चढतो पण पुरता येतो : बारीक गळती, काजळीने जड झालेल्या पाकळ्या, धुराची गळती.

दाब चढतो आणि वरच्या फेऱ्यांना पडतो : तुंबलेला फिल्टर, चपटा होणारा पाईप, कोंडलेला सायलेन्सर, झडपेची मऊ पडलेली स्प्रिंग.

दाब पुरता आहे पण ओढ नाही : टर्बो निर्दोष. डिझेल फिल्टर, इंजेक्टर, हवा मोजणारा सेन्सर, क्लच यांकडे वळावे.

सातवी पायरी : शेवटी टर्बो

आता टर्बो पाहावा. इंजिन बंद, थंड. हवेचा पाईप काढून दांडा बोटाने हलवा. आडवा थोडासा प्ले असतोच, कारण तेलाचा थर असतो त्या जागेचा तो प्ले. पण आत-बाहेर असा प्ले हाताला जाणवू नये. पाते भिंतीला घासलेले, वाकलेले, तुटलेले नसावे. दांडा सहज फिरावा. इंजिन चालू असताना तेथे हात, उपरणे, साडीचा पदर काहीही जवळ नेऊ नये.

टर्बो खरेच गेला असेल तर मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा : "गेला कशाने?" उत्तर मिळाल्याशिवाय नवा बसवू नका. टर्बोला तेल देणारी बारीक नळी कार्बनने तुंबली असेल, परतीची नळी दबली असेल, ऑइल मुदतीत बदलले नसेल किंवा दर्जाचे नसेल, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. तेलाची नळी बदलावी, इंटरकूलर धुऊन आतले तेल व तुकडे काढावेत, ऑइल व फिल्टर नवे घालावेत. इंजिन चालू करण्यापूर्वी टर्बोत तेल भरून घ्यावे. रोगट जमिनीत नवे बेणे लावून भागत नाही, तसेच हे.

एक धोका सर्वांनी समजून घ्यावा

टर्बोचे सील फुटून इंजिन ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात जाऊ लागले, तर इंजिन त्या ऑइलवरच चालते. फेरे आपोआप वाढत जातात, दाट धूर होतो, आणि चावी बंद केली तरी पुष्कळदा इंजिन थांबत नाही. गाडी चालत असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरला टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन दबून बंद पडते. उभ्या गाडीत हवेचे तोंड जाड फळीने झाकता आले तर झाकावे, हाताने कधीही नाही. जमले नाही तर सर्वांनी लांब व्हावे. इंजिन पुन्हा घेता येते. म्हणून निळा धूर आणि ऑइलची पातळी वारंवार उतरणे ही लक्षणे दिसताच गाडी वापरू नये.

सांभाळ

ऑइल मुदतीआधी बदला, पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच घाला. सकाळी चालू करताच फेरे वाढवू नका, अर्धा मिनिट तेल वर चढू द्या. घाट चढून किंवा भार ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे हळू चालू ठेवा. धुराकडचे चाक तेव्हा लालबुंद होण्याइतके तापलेले असते. तेल थांबले की ते तेथेच जळून कार्बन होते आणि नळी तुंबायला सुरुवात होते.

गाडीत ठेवायची चिठ्ठी

खालील क्रम कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा आणि गॅरेजला जाताना दाखवावा :

१) प्रश्न व धुराचा रंग. ब्रेक जड असेल तर गाडी उभी करा.
२) फिल्टर, डबा, आत ओढणारा पाईप.
३) होज, क्लिप, इंटरकूलर. साबणाची परीक्षा.
४) मॅनिफोल्ड, ईजीआर, सायलेन्सर.
५) व्हॅक्यूमच्या नळ्या, झडप, पाकळ्या.
६) चालत्या गाडीत दाबाचे मोजमाप.
७) टर्बो. आणि "गेला कशाने?"

पहिल्या तीन पायऱ्या घरच्या घरी, सुट्टीच्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन करता येतात. क्लिपला नोटा लागतात दहा-वीसच्या, टर्बोला लागतात हजारोंच्या. उसाचा पैसा वर्षभर राबून मिळतो. तो कोणत्या दोषावर खर्च होतो आहे, हे विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे, आणि चांगला मिस्त्री त्याचा राग मानत नाही.

आपल्या गाडीत या क्रमाने जे सापडेल ते गट ऑफिसला लिहून कळवावे, म्हणजे इतर सभासदांनाही सांगता येईल. पुढील अंकात आम्ही पुन्हा आपल्या शेताकडे वळू. खोडव्यातील पाचट व्यवस्थापन हा विषय घेणार आहोत.